डाव्या हाताचा दरवाजा

१

बुधवारी सकाळी इन्स्पेक्टरसाहेबांनी वॉचमनच्या केबिनमधलं कपाट उघडलं, तर आत नुसत्या तारा लोंबत होत्या. इमारतीतल्या चारही कॅमेऱ्यांचं चित्रण ज्यात साठतं तो रेकॉर्डर गायब! साहेबांनी तारांकडे पाहिलं, वॉचमनकडे पाहिलं आणि मग सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "मी काय तो पर्समध्ये घालून हिंडतेय?"

माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी नुसतं तोंडच चालत होतं. साहेबांच्या जागी मी असते, तर मीही माझ्याचकडे पाहिलं असतं.

झालं होतं ते असं. मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आमच्या आईच्या इमारतीतल्या सेक्रेटरीकाकांच्या डोक्यात कुणीतरी मागून घाव घातला. ते तिसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर निघाले होते. तिसऱ्यावर दोनच घरं आहेत. जिना चढून आलं की डाव्या हाताला आईचं, तिथे आई आणि माझा धाकटा भाऊ राहतात. उजव्या हाताला समुपदेशक सरांचं. आईने धप्पकन काहीतरी पडल्याचं ऐकलं आणि धाकट्याला बाहेर पिटाळलं. त्याने काकांचं डोकं मांडीवर घेतलं, रुग्णवाहिका बोलावली. लोक जमले तेव्हा त्याच्या शर्टावर रक्तच रक्त होतं.

धाकटा छत्तीस वर्षांचा आहे, एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. लग्न केलं नाही, व्यसन नाही, संध्याकाळी दोन तास बंदुकीचा व्हिडिओ गेम खेळतो. मंगळवारी शाळा अर्धा दिवस होती म्हणून दुपारीच खेळायला बसला होता. एवढं पुरलं. पाच वाजता एका वृत्तवाहिनीवर लाल पट्टी झळकली: "गेमने घडवला हल्लेखोर!" पडद्याच्या अर्ध्या भागात गेममधली बंदूक धडाधड चालत होती, आणि उरलेल्या अर्ध्यात आमच्या व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचा तुकडा.

अकरा सेकंदांचा तुकडा. तो मी नंतर चाळीस वेळा तरी पाहिला असेल. काका जिना चढून येतात, कॅमेरा जिन्याच्या माथ्यावर असल्याने पाठमोरे दिसतात. उजव्या हाताला पांढरं प्लास्टर, डाव्या हातात तपकिरी पाकीट. आमच्या इमारतीची तऱ्हा अशी की पुढचा जिना व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, तिकडे ते चालू लागतात. दोन्ही बाजूंना एकसारखे दरवाजे, एकसारखी पायपुसणी. काका पुढे जातात आणि डावीकडचा दरवाजा उघडतो. रेनकोटची टोपी पुढे ओढलेला एक माणूस हातात काठीसारखं काही घेऊन बाहेर येतो आणि त्यांच्या मागे जातो. बस, संपलं.

डावीकडचा दरवाजा. म्हणजे आमचा. रात्री पोलिसांनी धाकट्याला कोठडीत टाकलं.

"कालचा तुकडा कुणीतरी मोबाइलवर घेतलेला होता," इन्स्पेक्टर म्हणाले. "अस्सल चित्रण या डब्यात होतं. तो नाहीसा झाला की फायदा कुणाचा? तुमच्या भावाचा. तुमची आई जिना उतरू शकत नाही. उरलं कोण?"

मी पर्स उघडून त्यांच्यासमोर धरली.

"शहराबाहेर जाऊ नका, बाई," ते म्हणाले.

२

साहेब गेल्यावर मी वॉचमनला धरलं. हा माणूस गेली सात वर्षं मला ताई म्हणतो आणि माझ्याकडून गुडघ्याचे एक्स-रे फुकट वाचून घेतो. मी सरकारी इस्पितळात सव्वीस वर्षं एक्स-रे काढते.

"तो तुकडा चॅनेलला तूच दिलास ना?"

"ताई, मला काय माहीत एवढं होईल! चॅनेलचा माणूस आला, म्हणाला जरा दाखव. मी पडद्यासमोर मोबाइल धरला. मग म्हणाला, आता तुझ्याकडचं पुसून टाक, दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये. पुसलं."

"आणि रेकॉर्डर शेवटचा कधी पाहिलास?"

"काल सहाला होता. मग मी पाण्याचा पंप लावायला मागे गेलो, रोजच्यासारखा. पंधरा मिनिटं केबिन उघडीच असते, सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. परत आल्यावर कपाट कुठं उघडून बघतो मी?"

म्हणजे बातमी पाचला लागली आणि डबा सहानंतर गेला. हे मी मनात टिपून ठेवलं, कशासाठी ते तेव्हा कळत नव्हतं.

"आता एकच सांग. तू पडद्यावर बघत होतास तेव्हा दरवाजा कुठला उघडला?"

"टीव्हीवर दाखवलाच की, ताई."

"टीव्हीचं नको सांगू. तुझ्या डोळ्यांनी काय पाहिलंस?"

त्याने टोपी हातात फिरवली. "चार खिडक्या एकदम दिसतात त्या पडद्यावर, बोटाएवढ्या. माणूस बाहेर आला एवढं पाहिलं. दरवाजा आता आठवायला गेलं की टीव्हीवरचाच आठवतो."

सेक्रेटरीकाका याला काढून टाकणार होते, हेही मला ठाऊक होतं. ड्युटीवर झोपतो म्हणून दोन नोटिसा दिल्या होत्या. पण तीन वाजता तो फाटकात टँकरवाल्याशी भांडत होता, अख्ख्या गल्लीने ऐकलं होतं. आणि डबा स्वतःच पळवायचा असता, तर चॅनेलला बोलावून दाखवला कशाला असता?

"ताई," तो मागून म्हणाला, "काकांच्या हातात पाकीट होतं ना? पोलिसांना ते सापडलं नाही. मी त्यांना बोलताना ऐकलं."

३

काका माझ्याच इस्पितळात अतिदक्षता विभागात होते. शुद्ध नव्हती. बाहेरच्या बाकावर काकू बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. हक्कच होता त्यांचा. मी शेजारी बसले.

"बारा दिवसांपूर्वी तूच फोटो काढला होतास त्यांच्या मनगटाचा," काकूच शेवटी म्हणाल्या. "डाव्या हाताला प्लास्टर, पण उजव्या हाताने नोटिसा लिहिणं काही थांबलं नाही. मी म्हटलं, अहो, हात गळ्यात बांधलाय, जीभ आणि लेखणीही बांधून ठेवा जरा. ऐकतील तर शपथ."

"काकू, पाकिटात काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "तूच विचारतेस? कुठल्याशा विद्यापीठाचं उत्तर आलं होतं. यांनी पत्र पाठवून विचारलं होतं, अमक्याची पदवी खरी की खोटी. जेवताना म्हणाले, आज चौथ्यावर अध्यक्षांना दाखवतो, आपल्या इमारतीत एक खोटा पदवीधर वावरतोय. कुणाचं नाव नाही सांगितलं. सकाळी त्या माणसाला तोंडावर बजावून आले होते म्हणे."



धाकटा शेवटच्या वर्षाला नापास झाला होता. मग म्हणाला की पुन्हा बसलो, सुटलो. मग शाळेत लागला. पदवीचा कागद मी कधी पाहिला नव्हता. बहीण भावाकडे कागद मागते का?

काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "शाळेतली नोकरी जाईल म्हणून कुणी असं करतं का गं?"

४

तरीही मी सरांचं दार वाजवलं. सर म्हणजे गेमच्या व्यसनातून मुलांना सोडवणारे समुपदेशक. त्याच चॅनेलवर आठवड्यातून दोनदा दिसतात. एकटेच राहतात, पुढच्या खोलीत शिबिरं घेतात. भिंतीवर पदव्यांच्या सात चौकटी ओळीने लावलेल्या आहेत.

सर स्वतःचा व्हिडिओ काढत होते. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला होता आणि तो सारखा घसरत होता. एरवी त्यांचा तीन पायांचा उंच स्टँड असायचा. आई त्याला बगळा म्हणायची.

"बसा ताई. दोन मिनिटं." त्यांनी मोबाइल बंद केला आणि माझ्यासाठी पाणी आणलं. फार मऊ आवाज आहे त्यांचा, ऐकलं की आपण आजारी आहोत असंच वाटतं. "मला अपराधी वाटतं हो. मी त्या वेळी चॅनेलवर लाइव्ह होतो. समोरच्या खोलीत बोलत बसलो होतो आणि बाहेर हे घडत होतं. कानात यंत्र असल्याने काही ऐकूसुद्धा आलं नाही."

"सर, माझा भाऊ असं करेल असं वाटतं तुम्हाला?"

"तो नाही करणार. त्याच्यातला खेळाडू करेल." त्यांनी ड्रॉवरमधून छापील कागद काढला. "भावाला व्यसन आहे, त्या भरात घडलं, असं घरच्यांनी लिहून दिलं तर कोर्ट त्याच्याकडे रुग्ण म्हणून बघतं. मी तज्ज्ञ म्हणून सही करतो. शिक्षा निम्म्याने घटेल. पण उद्या संध्याकाळपर्यंत. परवा त्याला पुन्हा कोर्टात उभं करणार आहेत, आणि एकदा खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा पक्का झाला की माझ्या हातात काही राहणार नाही."

खोटं कशाला बोलू, मला तो कागद आधार वाटला. बाहेर फाटकाशी लोक जमले होते, शाळेने दुपारीच धाकट्याला निलंबित केलं होतं, आणि माझ्या डोक्यात ती पदवी घोळत होती. मी पेन मागितलं.

"आधी आईची सही लागेल," सर म्हणाले.

५

आई टीव्हीसमोर मटार सोलत बसली होती. आवाज बंद, चित्र चालू. तोच तुकडा, तीच बंदूक, सतराशे साठ वेळा.

"बंद कर ते!" मी ओरडले.

"अगं, बघू तर दे मूर्ख माणसं काय दाखवतात." आईला गुडघ्यांमुळे तीन वर्षं घराबाहेर जाता आलेलं नाही. संध्याकाळी धाकटा खेळतो तेव्हा ती शेजारी बसते आणि शत्रू मागून आला की ओरडून सांगते. सहाही नकाशे पाठ आहेत तिला. "आमच्या गेमचा कचरा करून ठेवलाय मेल्यांनी. बंदूक डाव्या हातात दिलीय. आमची बंदूक कायम उजव्या अंगाला असते, आणि घड्याळाचा मनोरा डाव्या. सगळं उलटंपालटं."

मी तिच्यासमोर कागद ठेवला. "आई, आधी खरं सांग. धाकट्याची पदवी..."

"कसली पदवी? नापासच झाला तो दुसऱ्यांदासुद्धा. तू ओरडशील म्हणून तुला सांगितलं नाही. शाळेला सांगूनच लागलाय, त्या नोकरीला पदवी लागत नाही." आईने एक दाणा तोंडात टाकला. "एवढं का तोंड पडलंय तुझं?"

मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे खोटा पदवीधर धाकटा नव्हता! मग कोण? माझ्या डोळ्यांसमोर सात चौकटी आल्या. पण दरवाजा तर आमचाच उघडला होता. सगळ्या शहराने पाहिला होता. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि आई काय म्हणाली ते आत्ता कुठे डोक्यात शिरलं. बंदूक डावीकडे. सगळं उलटं.

काका जिना चढून आले. उजव्या हाताला प्लास्टर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सव्वीस वर्षं मी प्रत्येक फोटोवर डाव्या-उजव्याची खूण लावते, ती चुकली तर डॉक्टर भलताच पाय कापतील म्हणून झोपेतही तपासते. त्या मनगटाचा फोटो मी स्वतः काढला होता. डावं मनगट. आणि चाळीस वेळा पाहूनही माझी नजर फक्त दरवाजावर होती.

गेम एकट्यानेच उलटा नव्हता. अख्खा पडदा उलटा होता. तो माणूस उजवीकडच्या दरवाजातून आला होता.

आता डब्याचंही कोडं सुटलं. टीव्हीवर दिसतंय तेच डब्यात असतं, तर तो फक्त आम्हाला नकोसा असता. पण मी तो घेतला नव्हता. मग तो अशाच माणसाला नकोसा होता, ज्याने पाचला बातमी पाहिली आणि ओळखलं की हे उलटं लागलंय, अस्सल चित्रण गेलं तर मी वाचलो. हे कुणाला कळणार? खरंच त्या दरवाजातून जो बाहेर आला होता त्यालाच.

मी कागद टराटरा फाडणार होते, तेवढ्यात हात थांबला. सर तीन वाजता लाइव्ह होते. कोपऱ्यात लाल अक्षरांत लिहिलेलं मी स्वतः इस्पितळाच्या टीव्हीवर पाहिलं होतं. एक माणूस एकाच वेळी टीव्हीवर आणि जिन्यात कसा असेल?

६

चॅनेलचे सतरा फोन येऊन गेले होते. गुरुवारी सकाळी मी अठरावा उचलला. "येते. पाचला सरांसमोर, लाइव्ह, त्या कागदावर सही करते," म्हटलं. पलीकडचा माणूस आनंदाने गुदमरला. मग मी इन्स्पेक्टरना प्लास्टरचं सांगून आले. त्यांनी ऐकून घेतलं, काकांचा एक्स-रे मागवतो म्हणाले, आणि वर म्हणाले, "पण सर तर लाइव्ह होते, बाई. ते कसं मोडणार?"

"पाच वाजता टीव्ही लावा," मी म्हटलं. नुसता आव आणला होता.

चॅनेलच्या लोकांना धाकट्याचे लहानपणचे फोटो हवे होते, त्यावर दुःखी संगीत टाकणार म्हणे. ते द्यायला त्यांनी मला संकलनाच्या खोलीत पाठवलं. आत चष्मा कपाळावर चढवलेली एक मुलगी तीन पडद्यांसमोर बसली होती. शेजारी कालचा चहा साय धरून पडला होता.

"मंगळवारचा तुकडा तू जोडलास?"

"हो. का?"

"बंदूक डावीकडे कशी?"

ती हसली. "ओळखलंत? कुणी नाही ओळखत! गेमचं चित्रण इंटरनेटवरून कुणाचंतरी उचललेलं असतं. जसंच्या तसं लावलं तर मालक हक्क सांगतो. म्हणून डावं-उजवं पालटून टाकतो. सगळेच करतात, एक बटण दाबलं की झालं."

"आणि शेजारचा व्हरांड्याचा तुकडा?"

"तो नाही पालटत. तो तर आपल्याच..." तिचं वाक्य अर्धवट राहिलं. ती पडद्याकडे वळली, मंगळवारची फाइल उघडली. "पाचला चार मिनिटं होती. मी दोन्ही चित्रं एका चौकटीत बांधली आणि..." तिचा हात तोंडावर गेला. "बाई, मी अख्ख्या चौकटीला बटण दाबलंय."

मी तिला प्लास्टरबद्दल सांगितलं. ती रडायलाच लागली. मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"रडू नकोस, आधी सांग. मंगळवारी तीनला सर लाइव्ह होते ना?"

तिने नाक पुसलं. "कसले लाइव्ह? ते अकरालाच रेकॉर्ड करून ठेवलं होतं. दुपारचं सगळं आधीच केलेलं असतं. कोपऱ्यात 'लाइव्ह' लिहिलं की लोक चॅनेल बदलत नाहीत."

 उचलली जीभ लावली टाळ्याला, हे ऐकलं होतं. यांनी तर सवयीसवयीने एकाला हल्लेखोर केलं आणि दुसऱ्याला साक्षीपुरावा बहाल केला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"पाचला तुकडा पुन्हा लागेल. तेव्हा ते बटण उलट दाबशील?"

"नोकरी जाईल माझी."

"माझा भाऊ कोठडीत गेलाय, पोरी."

ती काही म्हणायच्या आत दार उघडलं. मेकअप करायला बोलावलं होतं.

७

स्टुडिओत थंडी वाजत होती. अँकर मधे, त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सर. माझ्यासमोर तो कागद आणि पेन.

"एका बहिणीचा कबुलीजबाब!" अँकर गरजला. "आधी पाहू या तो थरार!"

तुकडा सुरू झाला.  बंदूक डावीकडेच होती. मुलीने काही केलं नव्हतं. आता जे करायचं ते मलाच करायचं होतं.

"थांबवा," मी म्हटलं. "काकांचा हात बघा. प्लास्टर कुठल्या हाताला आहे?"

"उजव्या. पण ताई, आपण भावाच्या व्यसनाबद्दल..."

"त्यांचं डावं मनगट मोडलंय. फोटो मी काढलाय. इस्पितळात जाऊन बघा, आत्ताही डाव्याच हाताला प्लास्टर आहे. तुम्ही गेमबरोबर माझ्या भावाचा दरवाजाही उलटा केलात!"

अँकरने कानातल्या यंत्रावर बोट दाबलं. आणि त्याच वेळी पडदा क्षणभर काळा झाला आणि तुकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. काका चढून आले. डाव्या हाताला प्लास्टर, उजव्या हातात पाकीट. बंदूक उजवीकडे. आणि उजवीकडचा दरवाजा उघडला.

"हा काय खेळ चाललाय?" सर उठले. त्यांचा आवाज अजूनही मऊ होता. "तांत्रिक गडबड आहे. मी त्या वेळी लाइव्ह होतो. याच चॅनेलवर! सांगा ना यांना!"

ते अँकरकडे पाहत होते. अँकर छताकडे पाहत होता. ती मुलाखत त्यानेच सकाळी अकराला घेतली होती. पण आम्ही 'लाइव्ह' लिहून लोकांना फसवतो, हे स्वतःच्या तोंडाने कसं म्हणायचं? मेला घाम पुसत राहिला. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि त्याला त्याच्या चॅनेलच्या अब्रूची पडली होती.

मग खालच्या लाल पट्टीवर अक्षरं सरकू लागली. मंगळवारचा तीन वाजताचा कार्यक्रम सकाळी अकरा वाजता रेकॉर्ड केलेला होता.

सरांनी ती वाचली. त्यांचा चेहरा उतरताना अख्ख्या शहराने पाहिला.

"सर, तुमचा तीन पायांचा स्टँड कुठाय?" मी विचारलं. "घडी घातली की तो काठीसारखाच दिसतो. काल तुमचा मोबाइल पुस्तकांना टेकून घसरत होता. काकांनी सकाळी तुम्हाला बजावलं होतं ना, की तुमच्या विद्यापीठाचं उत्तर अध्यक्षांना दाखवणार म्हणून?"

"त्या माणसाने माझं पंधरा वर्षांचं काम..." सर म्हणाले आणि तिथेच थांबले. कॉलरचा माइक उपटून ते दाराकडे गेले. दारात इन्स्पेक्टरसाहेब उभे होते. त्यांनी टीव्ही घरी लावला नव्हता, खालच्या स्वागतकक्षात उभं राहून पाहिला होता.

रेकॉर्डर सरांच्या माळ्यावर सापडला, शिबिराच्या कोऱ्या प्रमाणपत्रांच्या खोक्यात. स्टँड बाथरूममध्ये धुऊन ठेवला होता, पण सांध्यातलं रक्त निघालं नव्हतं. पाकीट त्यांनी जाळलं होतं. विद्यापीठाने दुसरी प्रत पाठवली. सातपैकी सात पदव्या खोट्या.

८

शुक्रवारी सकाळी चॅनेलवर नवी पट्टी होती: "व्हिडिओच्या वेडाने घडवला हल्लेखोर!" धाकट्याबद्दलची चूक त्यांनी मान्य केली, सकाळी सहा चाळीसला, आठ सेकंद. संकलनवाल्या मुलीला काढलं. तिने मला फोन करून सांगितलं आणि म्हणाली, "झोप मात्र लागली हो बाई." मी तिला घरी बोलावलंय, येईल तेव्हा येईल.

काकांनी डोळे उघडले. काकू माझा हात धरून रडल्या, मीही रडले. शाळेकडून पत्र आलं. निलंबन मागे, पण पालकांच्या भावना लक्षात घेता काही महिने घरीच थांबावं.

ते पत्र पर्समध्ये ठेवूनच मी धाकट्याला आणायला गेले. तो कोठडीतून बाहेर आला तो पोलिसांनी दिलेला टॉवेल डोक्यावरून घेऊन. तीन दिवसांत खप्पड झाला होता.

"अरे, तोंड कशाला झाकतोस? सुटलायस तू!"

"बाहेर कॅमेरे आहेत?"

"असतील आठ-दहा. असू देत की! मान वर करून चाल. काही केलंयस का तू?"

"नाही."

"मग?"

तो उंबऱ्याशीच थांबला. "ताई, शाळेतली पोरं बघत असतील. तीन दिवस बघतायत. मला बघून घाबरली तर?"

एरवी कुणाला उत्तरासाठी दोन सेकंद थांबवत नाही मी.  त्या दिवशी मात्र मी टॉवेल त्याच्या तोंडावर नीट ओढला, डोळ्यांपुरती फट ठेवली, आणि त्याचा हात घट्ट धरून बाहेर पडले.